न भाजलेला राब

माझं माहेर निफाडकडचं, सासर घोटीजवळचं. सकाळच्या आगगाडीनं निघालं की जेवायच्या वेळेला पोचावं एवढंच अंतर, पण आभाळ दोन. माहेरी पावसाची वाट बघत बाजरी पेरायची. सासरी पाऊस एकदा बसला की चार महिने उठायचं नाव नाही. तिथं भात, आणि डोंगरउतारावर नागली, म्हणजे नाचणी. एकोणीसशे तीसच्या सुमारास माझं लग्न झालं. दोन आभाळांतला हा फरक मला तिसऱ्या वर्षी कळला, तोही घरादाराला उपाशी ठेवून.

भाताचं रोप ज्या वाफ्यांत वाढवायचं, तिथं सासूबाई चैत्रात शेण, फांद्या, पालापाचोळा रचून पेटवायच्या. याला राब भाजणं म्हणतात. माझा जीव तुटायचा. आमच्याकडे शेण म्हणजे सोनं! माहेरचा तोरा मिरवत मी नवऱ्याचे कान भरले. त्यात वडील आले. काळ्या जमिनीचे मालक, बोलणं ठाम. म्हणाले, "जावईबापू, शेण जाळणारी माणसं कधी वर येत्यात का? तसंच घाला मातीत, बघा कसं पिकतं."

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "पाव्हणं, हितं पाऊस लय हाय. जमीन भाजली नाय तर रोपाआधी तण उठतं."

वडील हसले. नवरा आपल्या सासऱ्याच्या शब्दाबाहेर जायचा नाही. सासूबाईंनी हट्टानं कोपऱ्यातला एक वाफा भाजला, बाकीचे तसेच राहिले.

पाऊस बसला. भाजलेल्या वाफ्यात रोप तरारलं. बाकीच्यांत तण असं माजलं की रोप शोधावं लागे. आम्ही दोघी दिवसभर वाकून उपटायचो. चार दिवसांत पुन्हा तेवढंच. आवणीला, म्हणजे रोप चिखलात लावायच्या वेळी, एका भातखाचरापुरतंच रोप निघालं. गावात मागावं तर ज्याचं त्यालाच पुरेना. बाकीच्या खाचरांत नुसतं पाणी.

दिवाळीनंतर महिनाभरात भात संपला, मागोमाग नागलीही. फाल्गुनात नवरा माझ्या माहेरी गव्हाच्या सोंगणीला, म्हणजे कापणीला, मजूर म्हणून गेला, मीही गेले. दुपारी भाकरी घेऊन शेतात पोचले, तर तो मजुरांच्या ओळीत बसलेला, आणि वडील बांधावरून शेजाऱ्याला सांगत होते, "त्यांच्याकडं काय पिकत नाय. म्हटलं, जावयाला आपणच पोटाला लावावं." मी नुसती भाकरी वाढली आणि परत फिरले, याची लाज मला आजही वाटते.

परत आल्यावर फांद्या मीच तोडून आणल्या, राब मीच रचला. तो पेटवला त्याच दिवशी वडील आले. उपरण्यानं नाक झाकून म्हणाले, "अजून हेच चाललंय?"

"पुढच्या सोंगणीला दुसरा मजूर बघा," मी म्हटलं.

ते आल्या पावली फिरले. मी राबाची आग सारखी करत राहिले. नवरा मात्र त्यांना पोचवायला स्टेशनापर्यंत गेला, आणि त्यांचं गाठोडं त्यानं आपल्या डोक्यावर घेतलं.