भुरीचे जंत

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. आता तुम्हाला का सांगते आहे — तेही नीट कळत नाही.

नवं राज्य झालं आणि भोपाळहून माझी बदली रायपूरला झाली. चौबे कॉलनीत वंदनाताईंची मागची खोली भाड्यानं घेतली. ताई मूळच्या भंडाऱ्याच्या. मराठी बोलायला तेवढं एकच घर. मग भुरी आली — नाल्याकाठी सापडलेलं कुत्रीचं पिल्लू, पोट फुगलेलं. संध्याकाळी कुलूप उघडताना आत कुणीतरी असायला लागलं.

ताईंची सहा वर्षांची पिंकी अंगणातल्या मातीत भुरीशी खेळायची, तशाच हातांनी पोळी खायची.

एका सकाळी भुरीच्या घाणीत शेवयांसारखे पांढरे जंत वळवळताना दिसले. औषध द्यायला हवं होतं, हे कळत नव्हतं का? कळत होतं. पण ताईंना समजलं असतं तर कुत्री काढा म्हणाल्या असत्या — आणि मी पुन्हा एकटी. पायानं वर माती लोटली. पुढेही लोटत राहिले.

काही महिन्यांनी पिंकीचा डावा डोळा तिरळा झाला, बाहुलीत पांढरं चमकू लागलं. दवाखान्यात मी सोबत होते. डॉक्टरांनी विचारलं, “घर में कुत्ता है? कीड़ों की दवा दी है?”

“हव, दी है,” मी म्हटलं.

“बच्चे जैसा पालती हैं ये उसको,” ताईंनी वर सांगितलं.

मग जंतांची शक्यता मागे पडली, कर्करोगाची शंका आली. डोळा काढायचं ठरलं. आदल्या दिवसापर्यंत मला बोलता आलं असतं. मी काय केलं? — डबा घेऊन गेले.

काढलेला डोळा तपासला, तर कर्करोग नव्हताच. कुत्र्याच्या पोटातल्या जंताची अळी होती. पोरगी वाचली म्हणून ताई रडल्या. मला म्हणाल्या, “रस्त्यावरच्या कुत्र्याईचंच असन. तुमच्या भुरीले तर दवाई देल्ली होती.”

मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी गोल बाजारातून गोळी आणून भुरीला चारली. गुळात घालून — दोन मिनिटांचं काम.

खरं बोलले असते तर डोळा वाचला असता? कोण जाणे. मी वाचवायचा प्रयत्न केला नाही, एवढं मात्र नक्की.

मागच्या वर्षी पिंकीचं लग्न झालं. मांडवात मी तिच्या डाव्या बाजूला उभी होते, तिला दिसलेच नाही. मग पूर्ण मान वळवून तिनं मला शोधलं — “अरे मावशी, आप इधर हो!” — आणि वाकून पाया पडली.

मी आशीर्वाद दिला.