घंटीटोल्याची घंटी

आई गेली तेव्हा धानाची कापणी चालू होती. शेवटच्या दिवसांत तिनं एकच मागितलं: माझ्या माहेरी जाऊन घंटी वाजव. कापणी आटोपली आणि मी आमच्या सावली गावाहून निघालो.

घंटीटोला ही आईच्या माहेरची छोटी वस्ती, नकाशात सापडत नाही. गडचिरोली, आरमोरी, कुरखेडा असं एस.टी.नं जायचं. पुढं काळीपिवळी जीप, माणशी पंधरा रुपये. भरल्याशिवाय हलत नाही. फाट्यापासून पायी. वाटेत काही मिळत नाही, म्हणून कुरखेड्यातच आलूबोंडे बांधून घ्या. मी गाडीवरची पाटी दोनदा वाचून बसलो, तरी चुकीच्या गाडीत बसलोय असंच वाटत राहिलं.

आई सांगायची, या टोल्याला पूर्वी वेगळं नावच नव्हतं. एका गोऱ्या पाद्र्यानं सागाचे खांब रोवून मातीचं चर्च बांधलं, बैलगाडीतून घंटी आणली, तेव्हापासून हे नाव पडलं. टोल्याचं माणूस कुठंही मरो, घरच्यानं येऊन घंटी वाजवायची. लोक कामं टाकून येतात, विचारतात, "कोन गेलं?" आपण नाव सांगायचं. मग ते माणूस घरी परतलं असं धरतात.

पोचलो तर चर्चचे नुसते खांब उरले होते. खाली छपराचे फुटके कवेलू, वाळलेलं तरोट्याचं तण. घंटीच्या जागी रिकामा आकडा.

आईची मैत्रीण रायवंताबाई शेजारच्या अंगणात धान पाखडत होती.

"शेवंताचा पोरगा ना तू? नाक तिचंच हाये."

"हो. बाई, घंटी कुठं गेली?"

"छत पडलं, मंग कुरखेड्याच्या नव्या चर्चात नेली. तू तं तिथूनच आला असशीन."

खरंच. आलूबोंडे मी त्याच चर्चसमोर घेतले होते.

"मग नुसतं नाव सांगू का? आई..."

तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले. "नोको सांगू. घंटी वाजल्याबिगर आमी आयकत नाई."

तिचे डोळे भरले होते. तरी आत जाऊन तिनं पोह्यांचं गाठोडं आणलं. "शेवंताले दे. म्हन, नव्या धानाचे हायेत."

कुरखेड्यात पोचलो तेव्हा चर्च बंद होतं, पण दोरी बाहेर ओसरीत लोंबत होती. ती ओढून घंटी वाजवली.

चौकीदार धावत आला. "काऊन वाजवून राह्यला बे? कोन मेलं?"

"शेवंता. घंटीटोल्याची."

"कुठचा टोला?" त्यानं दोरी माझ्या हातातून घेतली आणि वरच्या खिळ्याला गुंडाळून टाकली. समोरच्या चहाच्या टपरीवर कुणी वळूनही पाहिलं नाही.

घरी बहीण दारातच उभी होती. "विचारलं का कोणी?"

"विचारलं," मी म्हणालो. कसं, ते सांगितलं नाही.

पोहे तसेच फडताळात आहेत. कधी तिकडं गेलात आणि अंगणातल्या म्हातारीनं शेवंताची खुशाली विचारली, तर बरी आहे म्हणा.