भागीच्या टोपलीतलं तवसं

सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, मालवणच्या बाजारात शिजलेल्या एका गंभीर कटात मीही सामील होते. आज काकडी चिरताना वास आला आणि तो गुन्हा आठवला.

एकसष्ट साली माझं नुकतंच लग्न झालं होतं. मामंजींनी परसात तवशांचा, म्हणजे आमच्याकडच्या जाड काकड्यांचा, वेल मांडवावर चढवला होता. सासूबाई मात्र त्याला हात लावीनात. "घरचां कडूच निघता," म्हणायच्या आणि तवसं बाजारातूनच आणायच्या. म्हणून एका सकाळी मी पदराखालून घरचं तवसं नेलं आणि भाजीवाल्या भागीच्या टोपलीत, लाल भाजीच्या जुड्यांशेजारी ठेवलं. खरं काय ते जेवणं झाल्यावरच सांगायचं, असं मामंजींचं, भागीचं आणि माझं ठरलं होतं.

सासूबाईंनी चार तवशी टिचकी मारून बाजूला सारली आणि नेमकं आमचंच उचलून देठाशी हुंगलं.

"बघ गो, हेका म्हणतत तवसां! पिकवणाऱ्याचो हात बरो आसा."

मामंजी शेजारच्या केळ्यांच्या घडांआड लपले होते. त्यांना बायकोची फजिती बघायची आहे, असं मला तेव्हा वाटलं होतं. आज वाटतं, त्यांना एवढं एकच वाक्य ऐकायचं होतं. ते कानावर पडलं आणि घडांआडून आवाज फुटला, "अगो, तो हात माझो!"