पहिल्या खुंट्यावरची टिब

मर्डो गिलिस ओटागोच्या डोंगरांत जन्मला आणि चाळिशीपर्यंत दुसऱ्यांच्या मेंढ्यांमागे फिरला. चाळिसाव्या वर्षी त्याची बायको कॅथरीन हिच्या यकृतातून डनेडिन शहरातल्या शल्यवैद्यांनी संत्र्याएवढी पाण्याची गाठ काढली आणि ती अंगणातल्या कुत्र्यांकडून आली असे सांगितले. कुत्र्याच्या आतड्यातल्या जंताची अंडी त्याच्या केसांना चिकटतात; केसांवरून हाताला लागतात आणि हातावरून तोंडात जातात. मर्डोने मेंढपाळाची काठी खाली ठेवली आणि कुत्र्यांना जंतांचे औषध देणाऱ्या निरीक्षकाची नोकरी धरली. खोऱ्यात त्याला निरीक्षक असे कुणी म्हटले नाही. ‘जुलाबवाला’ हे नाव अकरा वर्षे टिकले, आणि त्या नावाला तो खुशाल ओ देई.

दर सहा आठवड्यांनी ओढ्याकाठच्या कुंपणात सगळ्यांनी कुत्री आणायची, असा शिरस्ता होता. ती ओळीने खुंट्यांना बांधली जात. सुपारीच्या अर्काची गोळी घशाखाली उतरली की अर्ध्या तासाच्या आत पोट मोकळे होई. मर्डो ती घाण बादलीत धुऊन काळ्या थाळीत ओती आणि वर भिंग धरी. पहिल्या खुंट्याला नेहमी त्याची म्हातारी कुत्री टिब असे. मेंढ्या वळण्याचे तिचे दिवस सरले होते. आता ती चुलीपाशी पडून राही आणि रात्री नात जीनच्या पांघरुणात शिरे. “आधी माझ्या घरचं कुत्रं, मग तुमचं,” असे तो म्हणे.

घरात खाण्यासाठी मेंढी कापली की तिचे यकृत आणि फुप्फुसे कच्चीच कुत्र्यांपुढे भिरकावायची, ही खोऱ्याची जुनी रीत. मेंढीच्या यकृतातली गाठ कुत्र्याच्या पोटात गेली की तिचे जंत होतात. म्हणून तासभर उकळून घाला, हे मर्डो दारोदार सांगत हिंडला होता. त्याच्या शेजारचा लॅक्लन रेनी सोडला, तर सगळ्यांनी ऐकले होते.

अकराव्या वर्षी मार्चमध्ये रेनी बायकोसह कुंपणाशी आला आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

“जुलाबवाल्या, आज टिबची थाळी मला दाखव. साफ निघाली तर मीही हंडा आणतो. उकळण्याचा काही उपयोग असतो, हे मान्य करीन.”

“मग हंडा कुठे मिळतो ते विचारून ठेव,” मर्डो म्हणाला. अकरा वर्षांत टिबच्या थाळीत काही निघाले नव्हते.

त्याने थाळीवर भिंग धरले. काळ्या तळावर तांदळाच्या कणीएवढे पांढरे ठिपके होते, आणि त्यांतला एक हळूच आखडला.

थाळी त्याच्या अंगाआड होती. ती बादलीत उलटी केली असती, तर रेनीच्या घरी त्याच संध्याकाळी हंडा चढला असता. पण मर्डोला जीनचे पांघरूण आठवले. तो वळला आणि थाळी रेनीच्या हातात ठेवली.

“बघ. जंत आहेत.”

कुंपणाशी कुणीतरी खिंकाळल्यासारखे हसले.

“जुलाबवाल्याच्याच घरात,” रेनी म्हणाला. “अकरा वर्षं खोऱ्यातल्या हंड्यांचा धूर काढलास, मर्डो.”

“काढला, आणि पुढेही काढणार. टिबला मी कच्चं कधी घातलं नाही. मग हे आलं कुठून, ते मला शोधायला हवं.”

रेनीची बायको इसोबेल रुमालाची गाठ सोडत-बांधत उभी होती.

“मी घालते,” ती म्हणाली. “कुंपणावरून. मेंढी कापली की यकृताचा एक तुकडा. म्हटलं, बिचारी जन्मभर दवाखान्यातलं जेवण जेवते. म्हातारपणी तिला चव तरी कळू दे.”

“आमच्या मेंढीचं?” रेनीने विचारले.

“मग कुणाच्या? आपल्याकडे दुसऱ्या कुणाच्या मेंढ्या आहेत का?”

रेनीने थाळी पुन्हा डोळ्यांजवळ नेली. या वेळी त्याने भिंगही मागून घेतले. त्याची स्वतःची सहा कुत्री मागच्या खुंट्यांना ताटकळत होती, आणि त्यांतले सर्वांत लहान कुत्रे रोज त्याच्याच बायकोच्या मांडीवर बसे.

“इसोबेल, चिडलो नाही मी,” मर्डो म्हणाला. “पण ही गाठ वाढायला वर्षं लागतात. जीनला मी या आठवड्यात तपासणीसाठी डनेडिनला नेतो, आणि पुढेही दर वर्षी नेईन. तूही चल.”

“येते,” ती म्हणाली. मग नवऱ्याकडे न पाहता तिने विचारले, “हंडा किती मोठा लागतो?”

“एका मेंढीचं सगळं मावेल एवढा. आणि झाकण घट्ट हवं, नाहीतर वासाने लॅक्लन घर सोडून जाईल.”

“मग बिनझाकणाचाच घे,” मागून कुणी म्हणाले. त्यावर रेनीही हसला आणि थाळी परत देऊन आपल्या कुत्र्यांकडे गेला.

त्या दिवसापासून टिबची झोपायची जागा व्हरांड्यात गेली. जीन दोन दिवस आजोबांशी बोलली नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा कुंपण भरले, तेव्हा मर्डोने टिबला पहिल्याच खुंट्याला बांधले, आणि थाळी पाहायला सगळ्यांना जवळ बोलावले.