नातेवाईक कोणाला म्हणायचे

२०१४च्या दिवाळीनंतर एका शुक्रवारी दुपारी आमच्या कंपनीचे नातेसंबंध जाहीर करण्याचे धोरण सॉफ्टवेअरमध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्या आठवड्यात जासईच्या कंटेनर यार्डातला जवळजवळ प्रत्येक कामगार दुसऱ्या प्रत्येकाचा नातेवाईक ठरला होता आणि एका माणसाची बढती थांबली होती.

कार्यालय पनवेलला होते, यार्ड जासईला. मी पनवेलला कर्मचारी विभाग पाहत होते. मुख्य कार्यालयाने कंप्लायन्सचे, म्हणजे नियम पाळले जातात की नाही ते पाहणारे, सॉफ्टवेअर नुकतेच घेतले होते. त्यात धोरणाचा रस्ता ठरलेला होता: आधी मसुदा, मग विधी विभागाची तपासणी, संचालकांची मंजुरी आणि शेवटी प्रसिद्धी. प्रसिद्ध झाले की प्रत्येक कर्मचाऱ्याने वाचून मान्य करायचे आणि विचारलेली माहिती भरायची. एका परदेशी ग्राहकाचे तपासनीस महिनाअखेरीस येणार होते. आमच्याकडे वरिष्ठ आपल्या नात्यातल्यांना झुकते माप देत नाहीत, एवढे त्यांना दाखवायचे होते.

तयार नमुना सॉफ्टवेअरमध्येच होता. रक्ताने किंवा लग्नाने ज्याच्याशी नाते आहे तो नातेवाईक, अशी त्यातली व्याख्या. मी ती मराठीत आणली. तपासणी झाली, मंजुरी आली. कोणालाच त्यात काही खटकले नाही.

यार्डातले बहुतेक कामगार आजूबाजूच्या गावांतले आगरी. गावात भावकी, शेजारच्या गावात सोयरीक. केबिनमध्ये संगणक एकच होता. पाळी संपली की माणसे रांगेत उभी राहत, कारकून विचारी, ती सांगत. एखादे नाते सुटले तर मागे उभा असलेला आठवण करून देई.

थांबलेली बढती मुकादमाची होती. यार्ड सुरू झाल्यापासून तो तिथे होता. यार्डचे इन्चार्ज निवृत्त होत होते आणि त्यांच्या जागी त्याचे नाव ठरले होते. आदेश तेवढा निघायचा होता. पण हाताखाली नातेवाईक असणाऱ्याला पाळ्या वाटता येणार नाहीत, असे धोरणात होते. सॉफ्टवेअरने त्याच्या नावापुढे लाल खूण केली आणि आदेश अडवला. तपासनीस येईपर्यंत खूण निघाली नाही तर त्या जागी मुंबईहून माणूस पाठवू, असे मुख्य कार्यालयाने कळवले.

मी जासईला गेले. ट्रेलरच्या रांगेमुळे पोचायला दुपार झाली. मुकादम केबिनमध्येच होता.

"एवढी नावं कशी दिलीत?" मी विचारले.

"मंग कोनाला सोडू, मॅडम? तुमीच लिवलंय, रगताचा नायतर लगनाचा. त्यान सगलेच आले."

क्रेनचालक दारात चहा पीत उभा होता. "यो माजा मामा हाय, मॅडम. पन फायदा काय? रविवारची डुटी मनाच. परका नाय बोलला तर त्याला सोडतो. मी नाय बोललो तर माज्या आईकडं तक्रार."

"तुजी आई माजी बहीन हाय. तिला नाय सांगू तर कोनाला सांगू?" मुकादम म्हणाला. केबिनमध्ये हशा पिकला. तो स्वतः हसला नाही. "गावात मना आतापासून इन्चार्ज बोलाय लागलेत," तो मला म्हणाला.

मी तिथूनच विधी विभागातल्या बाईंना फोन लावला. "कोणी नातेवाईक नाही, असं भरायला सांगा. खूण जाईल," त्या म्हणाल्या. मी ते मुकादमापुढे ठेवले.

"नाय भरनार. उद्या कोनी बोट दाखवला तर पोस्ट जाईलच, वर खोटा ठरेन."

तो हेल्मेट घालून यार्डात गेला.

पनवेलला परतल्यावर मी त्या बाईंना पुन्हा फोन केला. प्रसिद्ध झालेल्या धोरणात एक शब्दही बदलता येत नव्हता. नवी आवृत्ती काढायची, तर सगळे टप्पे पहिल्यापासून करावे लागणार होते आणि भरलेली सगळी माहिती बाद होणार होती. आम्ही नवी आवृत्ती काढायचे ठरवले. नातेवाईक म्हणजे पती किंवा पत्नी, आईवडील, मुले, सख्खी भावंडे आणि एका घरात राहणारे. असे कोणी हाताखाली असेल तर फक्त त्याची पाळी दुसऱ्या अधिकाऱ्याने ठरवायची.

"आणि बाकीचं गाव?" बाईंनी विचारले.

"त्याचं नातं घरी राहू दे."

त्या हसल्या आणि त्यांनी मसुदा पुढे पाठवला. संचालक प्रवासात होते. दोन दिवस मंजुरीच्या रकान्यात काहीच हलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी विमानतळावरून मोबाइलवर मंजुरी दिली. मी प्रसिद्धीचे बटण दाबले, पडद्यावर हिरवी पट्टी आली, आणि मी डबा उघडला. जेवायची वेळ केव्हाच टळून गेली होती, पण पोळीभाजी मला गरम असल्यासारखी लागली.

जासईला पुन्हा रांग लागली. या वेळी ती भराभर सरकली. मी तिथेच होते.

"म्हंजे आता तू माजा मामा नाय?" क्रेनचालकाने विचारले.

"यार्डान नाय. घरी ये, मंग दाखवतो."

मुकादमाने एकच नाव भरले: गेटवर काम करणारा सख्खा धाकटा भाऊ. भावाची पाळी पनवेलच्या व्यवस्थापकांकडे सोपवल्याची नोंद मी केली आणि लाल खूण गेली. मुकादमाने पडदा दोनदा वाचला, खुर्चीत मागे टेकला आणि सगळ्यांसाठी चहा सांगितला.

तपासनिसांनी दोन्ही आवृत्त्या पाहिल्या. दुसरी का काढली, हे विचारले. उत्तर ऐकून त्यांनी हरकत घेतली नाही. बढतीचा आदेश त्याच आठवड्यात निघाला. सोमवारी यार्डातल्या फळ्यावर पाळ्यांचा तक्ता नव्या इन्चार्जच्या सहीने लागला. धाकट्या भावाचे नाव शेजारच्या वेगळ्या कागदावर होते, व्यवस्थापकांच्या सहीने.