साक्षीदाराला काही मिळत नाही

मानसी गेल्याचं मला प्राचीने सांगितलं. फोनवर. साधा डेंग्यू म्हणून ॲडमिट झालेली मुलगी, आणि... खोटं कशाला लिहू, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की हिला माझ्याआधी कसं कळलं?

मानसी माझी मैत्रीण. भांडुपला आमची बिल्डिंग एकच. प्राची कॉलेजात मागाहून येऊन चिकटलेली. आर्टिकलशिप संपवून मानसी सॉलिसिटर झाली, मुलुंडच्या एका ऑफिसात मृत्युपत्रांची कामं बघू लागली. माझी बँकही तिकडेच, त्यामुळे रोज तिच्या स्कूटरवर मागे मी. वाटभर तिची बडबड.

परीक्षा पास झाल्या झाल्या तिने स्वतःचंच मृत्युपत्र केलं. "लोकांना सांगत फिरते, मग माझं नको?"

"आहे काय गं तुझ्याकडे?"

"स्कूटर आहे ना!"

साक्षीला तिने मला बोलावलं, प्राचीला नाही. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मजकूर वाचायची साक्षीदाराला गरज नसते, मीही वाचला नाही. सही करताना मात्र ती थांबली. "मोबाइल ठेव. इकडे बघ. मी सही करतेय, तू बघतेयस." प्रत्येक साक्षीदाराला ती हे असंच दटावायची.

दिवसकार्य झाल्यावर तिच्या भावाने मृत्युपत्र वाचलं. स्कूटर प्राचीला. मी बघतच राहिले. भाऊ म्हणाला, "ज्याला काही द्यायचं त्याला ताई साक्षीला बसवायचीच नाही." म्हणजे माझ्यासाठी खुर्ची ओढली तेव्हाच सगळं ठरलेलं होतं. एवढी वर्षं मागच्या सीटवर मी बसले, आणि किल्ली हिला! प्राची रडत होती. मला तिचं रडणंही सहन होईना.

गेल्या रविवारी प्राची स्कूटर घेऊन आमच्या बिल्डिंगखाली आली. मी बोलणार नव्हते, पण गेले.

"चल, बस ना," ती म्हणाली. "आणि हा आरसा बघ यार, कसा वाकडा लावलाय. मागची गाडी दिसतच नाही, मागे बसलेल्याचं तोंड तेवढं दिसतं. कशी चालवायची ही?"

तिने आरसा सरळ करायला हात उचलला. स्कूटर तिचीच आहे, साक्षीदार मीच... तरी मी तिचा हात धरला.


"राहू दे तो तसाच," मी म्हटलं, आणि मागे बसले.