दाराबाहेर थांबलेली बाई

अंतराळातल्या लढायांच्या मालिका मला आवडत नाहीत. धातूच्या भिंती, सगळ्यांचे एकसारखे गणवेश आणि घडोघडी काहीतरी फुटणार. आमच्या ह्यांना मात्र त्यांचं भारी वेड. हे वाडीच्या पुढच्या एका खासगी कारखान्यात दारूगोळा भरायच्या कामावर होते. आठवडाभर तेच हाताळायचं आणि रविवारी पुन्हा तेच बघत बसायचं, म्हणजे हलवायाने घरी येऊन पुन्हा मिठाईच खावी तसं झालं, असं मी ह्यांना चिडवायची. चिडवायची आणि शेजारी बसून बघायचीही. कूलरसमोर सतरंजी टाकून मी तांदूळ निवडायला घ्यायची, म्हणजे दुपार अगदीच वाया गेली असं वाटत नसे.

मालिका हिंदीत डब केलेली होती. एका जहाजावरचे सैनिक कुठल्यातरी ग्रहावरच्या शत्रूशी लढत असतात, एवढंच मला कळलेलं. पण त्या रविवारच्या भागात लढाई नव्हतीच. शत्रू दिसला नाही, एक गोळी सुटली नाही. सगळा भाग एका थोराड बाईवर होता. ती जहाजाच्या दारूकोठारात काम करणारी. आधीच्या भागांत ती कडेला उभी असायची आणि तिच्या वाट्याला धड एक वाक्यही येत नसे. कोठाराच्या दारावर लिहिलेलं असतं की आत चारच माणसं चालतील. एक दिवस कप्तान पाचव्या माणसाला आत बसवतो. बाई म्हणते, एकाला बाहेर जावं लागेल. कप्तान हसून म्हणतो, मग तूच जा. ती जाते, आणि तो तिच्या जागी दुसऱ्याला बोलावून घेतो. दार लागतं. पुढचा सगळा वेळ कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर. आतून गप्पा ऐकू येतात, मध्येच काहीतरी ठेवल्याचा आवाज होतो, आणि ती नुसती उभी असते. माझा तांदळातला हात थांबला. आता फुटेल, आता फुटेल, असं वाटत राहिलं. शेवटी दार उघडतं आणि पाचही जण हसतखिदळत बाहेर येतात.

मला रागच आला. "हे काय, काहीच झालं नाई," मी म्हटलं. "एवढं घाबरवलं काहून मग?"

ह्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. "झालं नाई म्हणूनच तं," हे म्हणाले. "आता ते रोज पाच बसवतीन."

त्या बोलण्यात काहीतरी होतं. मी ताट बाजूला ठेवलं. "तुमच्या खोलीत किती जण बसते?"

"बोर्डावर चार आहे. दिवाळीपासून पाच बसून राहिलो. ऑर्डर मोठी आहे म्हणते."

कारखान्यात दारू भरायच्या खोल्या एकमेकींपासून दूर असतात, प्रत्येकीभोवती मातीचा उंच बांध. दाराशी आत किती माणसं चालतील त्याचा बोर्ड. मला आधी वाटायचं, जागा अपुरी म्हणून लिहीत असतील. लग्न झाल्यावर ह्यांनीच समजावलं होतं की खोली उडाली तर किती जण जाऊ द्यायचे, त्याचा तो आकडा. त्यामुळे हे कुठेही गेले तरी माणसं मोजायचे. बारशाला पाळण्याभोवती बायका जमल्या तरी ह्यांचे ओठ हलायचे, आणि मी म्हणायची, मोजा, पाळण्यातलं धरून मोजा. त्या दुपारी मला थट्टा सुचली नाही. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत मी ह्यांचे डबे भरत होते आणि मला काही माहीत नव्हतं.

"उद्या जाऊ नका," मी म्हटलं.

"मी नाई गेलो तं दुसरा बसवतीन. साहेबाले सांगून पाहतो."

सोमवार कसा गेला ते विचारू नका. फोन गेटवरच जमा करावे लागतात, म्हणजे आत काय चाललंय ते कळायची सोय नाही. अमरावती रोडवर कुठल्यातरी ट्रकचा टायर फुटला आणि माझ्या हातातली कढई सुटली. मग मी ओट्याला धरून कितीतरी वेळ उभी होते, पश्चिमेकडून, कारखान्याच्या बाजूने, दुसरा आवाज येतो का ते ऐकत.

संध्याकाळी हे आले. "साहेब म्हणे, तुम्हाले भेव वाटते तं तुम्ही बाहेर निंघा." ह्यांना गोदामावर टाकलं होतं, गाडीत खोके चढवायला. एवढ्या वर्षांच्या हाताला हमाली. ह्यांना ते लागलं, दिसत होतं. मला मात्र देव पावल्यासारखं झालं. मी सढळ तूप घालून शिरा केला. ह्यांनी तो अर्धा ताटात ठेवला.

आमच्या वरच्या खोलीत सावनेरकडची एक बाई भाड्याने राहायची. नवरा ट्रकवर, सदा बाहेर. ह्यांच्याच कारखान्यात ती पॅकिंगला होती, आणि अडीनडीला माझ्याकडेच यायची. पुढच्याच आठवड्यात ती पेढ्यांचा डबा घेऊन खाली आली.

"वहिनी, मले आतल्या खोलीत घेतलं," ती म्हणाली. "भाऊंच्या जागेवर."

ह्यांनी पेढा हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. "तिथं किती जण बसते, माहीत आहे ना तुले?"

"पाच."

"अन् बोर्ड?"

"पाहिला ना भाऊ. मले बी वाचता येते." ती उंबऱ्याशी टेकली, पदर सारखा केला. "मी नाईच म्हणून राहिली होती. पण साहेब म्हणे, तू नाई बसली तं तुझ्या भाऊलेच परत आत घेतो."

 ह्यांनी मान वर केली, आणि उद्या हे साहेबाकडे आपली जागा परत मागणार ते मला ह्यांच्या तोंडावर लख्ख दिसलं.

मी चटकन डबा उचलून तिच्यापुढे धरला.

"तू बी घे ना वं एक," मी म्हटलं. "आनंदाची गोष्ट आहे."